साहेबांच्या अंगावरचे पांढरे ठिपके

३ फेब्रुवारी

भाऊजी,

नमस्कार. माझं पत्र बघून चमकला असाल. हे पत्र मी लेकीच्या बाथरूममध्ये, बादली पालथी घालून तिच्यावर बसून लिहितेय. बाहेर तुमचे दादा बसलेत, आणि त्यांचे कान कसे आहेत ते तुम्हाला माहीत आहे.

आम्ही दोन महिने लेकीकडे आलोय. नात लहान आहे, लेकीला मदत हवी, असं सगळ्यांना सांगितलंय. निघताना यांनी घराची किल्ली समोरच्या पोस्टमास्तरांना दिली, माशांना खायला घालण्यासाठी. काल हे अंघोळीला गेले असताना पोस्टमास्तरांच्या सुनेचा फोन आला, तो मी उचलला. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. महिनाभर वाकायचं नाही, वाचायचं नाही, लिहायचं नाही, पाण्यात हात घालायचा नाही. हे यांना कळलं तर मिळेल त्या गाडीने परत निघतील. ते मला नकोय. का नकोय, ते विचारू नका.

तेव्हा किल्ली तुम्ही घ्या. सहा वर्षं तुम्ही दोघं भाऊ एकमेकांशी बोलत नाही, ठाऊक आहे. पण माशांशी तर तुमचं काही वाकडं नाही?

मासे सहा. रोज सकाळी चिमूटभर खाणं. चिमूट माझ्यासारखी, तुमच्यासारखी नको. तुमची चिमूट म्हणजे मूठ. आठवड्यातून एकदा चौथा हिस्सा पाणी बदलायचं, आणि ते आदल्या दिवशी बादलीत भरून ठेवलेलं हवं.

फोन करू नका. इथला फोन यांच्या उशाशी असतो, आणि मोबाईल तुम्ही घेत नाही, कारण तुम्ही हट्टी आहात. पत्र खालच्या इस्त्रीवाल्या बाईंच्या पत्त्यावर टाका. बाई तोंडाच्या घट्ट आहेत.

वहिनी

---

६ फेब्रुवारी

वहिनी,

नमस्कार. किल्ली घेतली. देताना पोस्टमास्तरांनी "कोण?" असं तीनदा विचारलं आणि मी "शिंपी!" असं तीनदा ओरडलो. तिसऱ्या वेळी वरच्या मजल्यावरून एक बाई उसवलेला झगा घेऊन खाली उतरल्या. मी फक्त पुरुषांचे कपडे शिवतो, हे त्यांना पटवेपर्यंत घामाघूम झालो.

माझी चूक नसताना मी हे करतोय, हे लक्षात ठेवा. तुमच्या लेकीच्या लग्नात मी शिवलेल्या कोटाचं बटण ऐन फोटोच्या वेळी उडालं आणि फोटोवाल्याच्या भिंगावर बसलं. दादा चारचौघांत म्हणाला, "याला शिवायला कुणी शिकवलं?" मी म्हणालो, "कोट बरोबर आहे, पोट चुकलंय." आता यात खोटं काय होतं?

सहा वर्षं दादा मला पाण्यात पाहतोय. आता मी रोज त्याच्या पाण्यात पाहतोय.

मासे ठीक आहेत. काळा, बटबटीत डोळ्यांचा तो साहेब ना? दादाच्या पाणीपुरवठा खात्यातल्या वरिष्ठांवरून नाव ठेवलेला? तोही ठीक आहे. खाणं ठीक चाललंय. एकूण सगळं ठीक.

एकच विचारायचं होतं. सहा म्हणजे सहाच ना?

भाऊजी

---

८ फेब्रुवारी

भाऊजी,

सहा म्हणजे सहाच. पाच नाहीत आणि सात नाहीत. का विचारलंत?

तुमच्या पत्रात "ठीक" हा शब्द चार वेळा आलाय. माणूस एकदा "ठीक" म्हणतो तेव्हा ठीक असतं, दोनदा म्हणतो तेव्हा शंका येते, आणि चार वेळा म्हणतो तेव्हा मी इस्त्रीवाल्या बाईंकडे दिवसातून तीन चकरा मारते. त्या म्हणाल्या, "ताई, इतकी पत्रं तर लग्नाआधी येतात." काय ते एकदाच सांगून टाका.

वहिनी

---

११ फेब्रुवारी

वहिनी,

सांगतो. पाया पडतो, आधी शेवटपर्यंत वाचा.

पहिल्याच दिवशी मासे मोजले, तर पाच. परत मोजले, पाच. काचेच्या मागून मोजले, तरी पाच. साहेब, ती लांब शेपटीची लाल-पांढरी नवरी, केशरी जुळे आणि पांढरी नर्स. सहावा कुठे? पलंगाखाली पाहिलं, फ्रीजच्या मागे पाहिलं, खिडकीतल्या कुंड्या उकरल्या. वाटलं, माझ्या हातून उडी मारून गेला आणि मांजराच्या पोटात पोचला. दादा म्हणेल, याला मासेसुद्धा मोजता येत नाहीत. म्हणून बाजारातल्या माशांच्या दुकानात गेलो आणि एक केशरी मासा आणून सोडला. झाले सहा. त्या दिवशी शांत झोपलो.

चौथ्या दिवशी तळातल्या मातीच्या मडक्यातून एक तपकिरी, चपट्या तोंडाचा प्राणी बाहेर आला आणि माझ्यादेखत काच चाटू लागला. काखेत कळसा, गावाला वळसा! झाले सात.

एवढ्यावर भागलं असतं तर मी तुम्हाला कळूही दिलं नसतं. पण परवापासून नव्या पाहुण्याच्या अंगावर पांढरे ठिपके दिसताहेत. कुणी मीठ भुरभुरावं तसे. काल जुळ्यांच्या अंगावर आले. आज साहेबांच्या. काळ्या कापडावर खडूने खुणा कराव्यात तसे दिसतात. सगळे दगडांवर अंग घासताहेत, पंख मिटून तळाशी बसताहेत. साहेबांनी दोन दिवस अन्नाला तोंड लावलेलं नाही.

माझ्या शेजारच्या गाळ्यात दातांचे डॉक्टर बसतात, त्यांना घेऊन आलो. त्यांनी बॅटरी मारून पाहिलं आणि म्हणाले, "दात दिसत नाहीत, त्यामुळे मी काही बोलू शकत नाही."

साहेबांना दादाने निवृत्त झाला त्या दिवशी आणलं होतं ना? म्हणजे अकरा वर्षं. वहिनी, काहीतरी करा. मी सदऱ्याला तीन बाह्या लावायच्या बेतात होतो आज.

भाऊजी

---

१३ फेब्रुवारी

भाऊजी,

तुमच्या पत्रावर हसावं की रडावं कळेना, म्हणून आधी हसून घेतलं. त्या तपकिरी माशाचं नाव चाटू. तो दिवसभर मडक्यातच असतो. मी सांगायला विसरले, म्हणजे अर्धं पाप माझं.

यांना म्हटलं, "पोस्टमास्तरांचा निरोप आलाय, माशांच्या अंगावर ठिपके आहेत म्हणतात." हे ताडकन उठून बसले. ठिपक्यांचं ऐकताच उपाय सांगायला लागले. सध्या एवढं करा: खाणं बंद. हवेचा पंप पूर्ण सोडा. गाळणीतली कोळशाची गादी काढून ठेवा, नाहीतर ती औषध पिऊन टाकते. पाणी तापवायची नळी लावा, पण हळूहळू, अर्ध्या दिवसात एक अंश, त्याहून जास्त नाही.

पुढचं औषध सांगायला मात्र तयार नाहीत. म्हणाले, "ऐकीव माहितीवर मी औषध देत नाही. पोस्टमास्तरांना सांग, स्वतः सविस्तर लिहा. कुणाला किती ठिपके, सगळं." फोन करा म्हटलं तर म्हणाले, "त्यांना समोर बसून ऐकू येत नाही, फोनवर काय येणार?"

तेव्हा आता पोस्टमास्तर व्हा. लिहा त्यांच्या नावाने. पोस्टमास्तरांना विचारून घ्या हो, उगाच खोटेपणा नको.

वहिनी

---

१५ फेब्रुवारी

आदरणीय महोदय,

सप्रेम नमस्कार विनंती विशेष. मी आपला शेजारी, निवृत्त पोस्टमास्तर, आपल्या आज्ञेनुसार माशांच्या प्रकृतीचा तपशील कळवत आहे.

साहेब: लांबी पावणेपाच इंच, छाती साडेसहा, शेपटीचा घेर सैल सोडून चार. ठिपके डाव्या बाजूस एकोणीस, उजव्या बाजूस चौदा. उजव्या पंखाची शिवण, म्हणजे कडा, किंचित उसवल्यासारखी. नवरी: ठिपके आठ, शेपटीचा झोळ उत्तम. जुळे: एकाला बावीस, दुसऱ्याला मोजता येऊ नयेत इतके. नर्स पांढरी असल्याने पांढरे ठिपके दिसत नाहीत, पण ती अंग घासते. चाटू मडक्यात.

पाणी आज सत्तावीस अंशांवर आहे. कोळशाची गादी काढली. रोज चौथा हिस्सा पाणी बदलतो.

आपल्या माशांची काळजी मी स्वतःच्या माशांसारखी घेत आहे. मला स्वतःचे मासे नाहीत, तरीही.

आपला नम्र,
पोस्टमास्तर (नि.)

---

१७ फेब्रुवारी

पोस्टमास्तरसाहेब,

नमस्कार. आपलं पत्र मिळालं. माशाला छाती असते आणि ती मोजायची असते, हे टपाल खात्यात शिकवतात याची कल्पना नव्हती. असो. इतक्या बारकाईने आजवर कुणी साहेबांकडे पाहिलं नाही, मीसुद्धा नाही.

आता लक्ष देऊन वाचा. कपाटाच्या डाव्या खणात निळ्या औषधाची बाटली आहे. प्रमाण बाटलीवर लिहिलंय, त्यापेक्षा एक थेंब जास्त नको. पाणी अठ्ठावीस अंशांवर ठेवा. मीठ साधं, नेहमीच्या प्रमाणाच्या निम्मं, कारण चाटूला मीठ सोसत नाही. आणि ठिपके गेले म्हणून औषध थांबवू नका. ठिपका अंगावरून गळतो, तळातल्या दगडांत जाऊन बसतो, तिथे त्याची शेकडो पिल्लं होतात आणि ती पोहत पुन्हा माशावर चढतात. ती पोहत असतात तेवढ्या वेळातच औषध लागू पडतं. म्हणून ठिपके गेल्यावरही आठवडाभर औषध चालू, आणि रोज नळीने दगडांतली घाण ओढून काढायची.

दुसरं. हा रोग आकाशातून पडत नाही. कुणीतरी बाहेरचा मासा आणून थेट टाकीत सोडला. नवा मासा आधी तीन आठवडे वेगळा ठेवायचा असतो. हे कुणी केलं?

तिसरं. कोपऱ्यावर माझ्या धाकट्या भावाचं शिवणकामाचं दुकान आहे. यातलं काही त्याच्या कानावर जाऊ देऊ नका. तो हसेल. त्याचं हसणं मला दोन मजल्यांवरून ओळखू येतं.

दुकान चालू असतं ना त्याचं?

आपला शेजारी

---

२२ फेब्रुवारी

वहिनी,

दादाचं पत्र आलं. ते पोस्टमास्तरांच्या पत्त्यावर आलेलं, आणि त्यांना वाचायची बंदी. म्हणून मलाच त्यांच्या दारात उभं राहून वाचून दाखवावं लागलं. म्हणजे ओरडावं लागलं. "तो हसेल!" असं मी जिन्यात चार वेळा ओरडलो. झग्याच्या बाई परत खाली आल्या. पोस्टमास्तरांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "कुणाचं लग्न आहे?" त्यांची परवानगी मी यातच धरली आहे.

औषध त्याच दिवशी सुरू केलं. आता निळ्या रंगाची गोष्ट. मी हल्ली बटणांची काजं करायला कपडे तुमच्या घरीच आणतो, टाकीपुढे बसतो आणि टाके घालतो. लक्ष राहतं. गुरुवारी दातांच्या डॉक्टरांचा नवा पांढरा कोट मांडीवर होता, आणि बाटलीचं झाकण सैल. कोपर लागलं. वहिनी, तो निळा रंग या जन्मी जाणार नाही. कोट निम्मा निळा, मी निम्मा निळा, तुमच्या फरशीवर एक डाग आहे, त्याबद्दल आपण नंतर बोलू. शेवटी उरलेली बाटली बादलीत ओतून अख्खा कोट निळा केला आणि छाती घट्ट करून डॉक्टरांकडे नेऊन दिला. त्यांनी घातला. परवा येऊन म्हणाले, "मुलं आता रडत नाहीत. अजून दोन करा." औषधाची नवी बाटली आणली.

आता वाईट बातमी. जुळ्यांतला एक गेला. ज्याचे ठिपके मोजता येत नव्हते तो. सकाळी पाहिलं तर कडेला तरंगत होता आणि दुसरा त्याला तोंडाने ढकलत होता, चल चल म्हणावं तसा. मी त्याला खिडकीतल्या कुंडीत पुरलं. त्या दिवशी दुकान उशिरा उघडलं. मासा आणला मीच, रोग आणला मीच. शिंप्याचं कापड चुकलं तर ठिगळ लावता येतं. याला काय लावू?

साहेब अजून तळाशीच आहेत. पण आज खाण्याकडे एकदा पाहिलं त्यांनी. नुसतं पाहिलं.

भाऊजी

---

२२ फेब्रुवारी

आदरणीय महोदय,

आपल्या प्रश्नांची उत्तरं देत आहे.

नवा मासा आणणारा अपराधी मीच. मोजण्यात चूक झाली. जुळ्यांपैकी एक दगावला. मला क्षमा मागायची आहे, पण ती कशी मागतात ते मला या वयातही नीट जमत नाही.

आपण मना केलं होतंत, पण आपल्या धाकट्या भावाला हे आधीच कळलं होतं. दुकान चालू असतं. तो रोज दोन तास टाकीपुढे बसतो. माणूस वाईट नाही. थोडा फाटक्या तोंडाचा आहे, पण शिवण पक्की आहे.

तो हसला नाही.

आपला,
पोस्टमास्तर (नि.)

---

२६ फेब्रुवारी

भाऊजी,

तुमच्या जुळ्याची गोष्ट वाचून इस्त्रीवाल्या बाई रडल्या. हो, त्यांना वाचून दाखवते मी तुमची पत्रं. कुणाला तरी दाखवायलाच हवीत.

पण आता मला तुमच्यापासून काही लपवता येत नाही. आम्ही नातीसाठी इथे आलेलो नाही. तुमच्या दादांच्या हृदयाच्या नळ्या तुंबल्यात. इथल्या मोठ्या इस्पितळात ऑपरेशन करायचं ठरलंय, येत्या ५ तारखेला, गुरुवारी. निघतानाच मला बजावलं होतं, "धाकट्याला कळवायचं नाही. दुकान बंद करून धावत येईल आणि पायाशी बसून मलाच बोलेल."

महिनाभर त्यांनी कशातच लक्ष घातलं नव्हतं. भिंतीकडे तोंड करून पडून असायचे. साहेबांना ठिपके आले त्या दिवसापासून उठून बसायला लागले. सकाळी विचारतात, "पोस्टमास्तरांचं काही आलं?" परवाचं पत्र तीनदा वाचलं. मग चष्मा पुसत बसले. चष्मा स्वच्छ होता.

याच टपालाने त्यांनी पोस्टमास्तरांना पत्र टाकलंय. मला वाचू दिलं नाही, पाकीट स्वतः चिकटवलं.

वहिनी

---

२६ फेब्रुवारी

पोस्टमास्तरसाहेब,

नमस्कार. मासा गेला याचं वाईट वाटलं, पण अपराधी वगैरे शब्द वापरू नका. पहिल्या वर्षी मी नऊ मारले होते. हे घरात कुणाला माहीत नाही. एकदा तर पाणी साबणाच्या बादलीतून ओतलं होतं, आणि मी पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढायचो!

साहेबांनी खाण्याकडे पाहिलं की नाही ते कळवा. पाहिलं असेल तर वाचले समजा.

गुरुवारी माझं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, घाबरण्यासारखं काही नाही. डॉक्टरांना काय जातंय म्हणायला. मी घाबरलोय. घरात सांगता येत नाही, कारण घरातली सगळी माझ्याहून जास्त घाबरलीत. म्हणून शेजाऱ्याला सांगतोय.

आणखी एक. लेकीच्या लग्नातला कोट इकडे येताना बॅगेत आला, कसा कोण जाणे. काल घालून पाहिला. आता मी बारीक झालोय, तर अंगावर असा बसला की काय सांगू. खांदा, बाही, कुठे सुरकुती नाही. आरशासमोर बराच वेळ उभा होतो. कोट बरोबर होता. पोट चुकलं होतं. हे माझ्या भावाला सांगू नका, लगेच चढून जाईल.

ठिपके गेले तरी औषध आठवडाभर सोडू नका. तळातली घाण रोज काढा. आणि पाणी बदलताना बाही कोपराच्या वर दुमडत जा. ओल्या बाहीने तुला लहानपणापासून सर्दी होते, आणि मग महिनाभर नाक ओढत बसतोस.

आपला शेजारी

---

१ मार्च

आदरणीय महोदय आणि वहिनी,

मी पोस्टमास्तर. खराखुरा. डॉक्टरांनी कालपासून नवा चष्मा दिला असून लिहिण्या-वाचण्याची परवानगी दिली आहे. पहिल्याच दिवशी असं आढळलं की गेल्या महिन्यात माझ्या नावाने दोन पत्रं गेली, त्यांतलं एकही मी लिहिलेलं नाही. मी चाळीस वर्षं टपालात काढली. लोकांनी माझ्या हातून पत्रं पाठवली, पण माझ्या तोंडून कुणी पाठवली नव्हती. या प्रकाराची मी नोंद घेतली आहे. तक्रार करावी की नाही, याचा विचार चालू आहे.

आपलं पत्र काल आलं. ते माझ्या नावाचं असल्याने मीच उघडलं आणि मीच वाचलं. शेवटच्या चार ओळी माझ्यासाठी नाहीत, हे चष्म्याशिवायही दिसलं असतं. मला सर्दी होत नाही. मी ते पत्र घेऊन समोर आपल्या घरी गेलो. आपले बंधू टाकीपुढे बसले होते, हातात सुईदोरा. मी पत्र त्यांच्या मांडीवर ठेवलं.

त्यांनी उभं राहून वाचलं. मग किल्ली माझ्या हातात ठेवली आणि काहीतरी बोलले. मी "काय?" म्हणालो. एरवी ते लगेच ओरडतात, सगळा जिना गोळा होतो. काल ओरडले नाहीत. खिशातला खडू काढला आणि आपल्या भिंतीवर लिहिलं, "दादाकडे जातो." भिंत पुसायची की नाही ते कळवावं.

सुई तशीच होती त्यांच्या सदऱ्याला टोचलेली. मी खुणेने सांगितलं, काढा. त्यांना कळलं नाही. दुकानाला कुलूप मी लावलं; आत वहिनींचं पाकीट न उघडलेलं पडलं होतं.

साहेबांनी आज सकाळी तीन दाणे खाल्ले. ठिपके उजव्या बाजूस दोन, डाव्या बाजूस शून्य. चिमूट किती घ्यायची ते मला ठाऊक आहे.

आपला,
पोस्टमास्तर (नि.)
स्वहस्ते

---

८ मार्च

पोस्टमास्तरसाहेब,

नमस्कार. तुमचं पत्र मिळालं. तक्रार करायची तर माझ्या नावाने करा, डोकं माझं होतं. भिंत पुसू नका.

आधी मुख्य बातमी. ऑपरेशन नीट झालं. चौथ्या दिवशी, म्हणजे आज, दोन पावलं चालले. डॉक्टर म्हणाले, "बरं आहे." हे म्हणाले, "मला विचारा ना."

भाऊजी दोन तारखेला संध्याकाळी दारात उभे. हातात पिशवी नाही, केस विस्कटलेले, सदऱ्याला सुई. हे खुर्चीत बसले होते. लेकीने दार उघडलं. मला वाटलं, आता गळ्यात पडतील, मी रुमालसुद्धा काढून ठेवला होता. सहा वर्षांनी पहिला शब्द कोण काढतो म्हणून आम्ही सगळ्या कान देऊन उभ्या.

हे म्हणाले, "पाणी किती अंशांवर ठेवून आलास?"

"अठ्ठावीस."

"आता सव्वीसवर आणायला हवं हळूहळू. कुणाला सांगून आलास का?"

"नाही."

"मग आलास कशाला?"

भाऊजी म्हणाले, "तुला बघायला. बघितलं. आता जाऊ?"

"बस," हे म्हणाले. "चप्पल काढ आधी."

झालं तेवढंच. माझा रुमाल कोरडाच राहिला. पण जेवताना यांनी आपल्या ताटातला वाटा न विचारता भाऊजींच्या ताटात सरकवला, आणि भाऊजींनी न बोलता खाल्ला.

मी यांना विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?" तर म्हणाले, "छाती साडेसहा." पहिल्याच पत्रात! आणि तेव्हापासून गुपचूप शेजाऱ्याला पत्रं लिहीत बसले होते. मी बाथरूममध्ये बादलीवर बसून कारस्थान करत होते, आणि हे बाहेर खुर्चीत बसून करत होते. मासा पाणी कधी पितो, कुणाला कळलंय?

आता आजची हकिकत. सकाळी इस्पितळात भेटीच्या वेळेला भाऊजींना आत सोडलं. पाचव्या मिनिटाला आतून आवाज. निळं औषध फरशीवर सांडलं हे भाऊजी कबूल करून बसले होते, मग फरशी, मग कोट, मग लग्न, मग कुणीतरी लहानपणी कुणाची पतंगाची रीळ विहिरीत टाकली होती ती. नर्सबाईंनी भाऊजींना दंडाला धरून बाहेर काढलं आणि म्हणाल्या, "पेशंटला त्रास होतो." मी आत जाऊन पाहिलं. पेशंटच्या गालांवर महिन्याभरात पहिल्यांदा रंग आला होता.

आत हे दर दोन मिनिटांनी विचारताहेत, "गेला का तो?" बाहेर बाकावर भाऊजी विचारताहेत, "मला बोलावलं का त्याने?" मधे दार आहे आणि दारात मी. सहा वर्षं याचा निरोप त्याला आणि त्याचा निरोप याला पोचवून माझ्या पायांचे तुकडे पडलेत. दोघांनाही सांगितलंय, "थांबा, बघते." आणि उपाहारगृहात येऊन एक चहा मागवलाय. गरम आहे. तो संपेपर्यंत मी कुणाचाही निरोप कुणालाही सांगणार नाही.

आपली शेजारीण